खडवलीचे आवळीभोजन

कार्तिक लागला की कचेरीच्या आवारातली हवा आधी बदलते आणि माणसे मागाहून बदलतात. पावसाळाभर दमट राहिलेला कागद कोरडा, कडक होतो आणि पेनचे टोक त्यावर अडखळत नाही. खाडीवरून आलेले धुके सकाळी कोपरीच्या बाजूला रेंगाळत असते. माझे टेबल मांडून होईपर्यंत ते विरून जाते. अर्जदार कानटोपी घालून येतात आणि आपली तक्रार एरवीपेक्षा जरा शांतपणे सांगतात. फाटकाबाहेर गोणपाटावर आवळ्यांचे ढीग लागतात. गेली कित्येक वर्षे मी ठाण्यात अर्ज लिहिण्याचा व्यवसाय करीत आहे, आणि ऋतूंचे निरीक्षण माझ्याइतक्या बारकाईने सरकारच्या हवामानखात्यानेही केले असेल असे मला वाटत नाही.

परवा अशाच एका सकाळी कॉलेजातले काही विद्यार्थी फी-सवलतीचा अर्ज लिहून घ्यायला आले. त्यांच्यातला एकजण टेबलाला रेलून म्हणाला, "काका, तुमच्या वेळी कॉलेजात कसली मजा असणार! पार्टी नाही, बिअर नाही, डान्स नाही. नुसतं जायचं आणि यायचं." बाकीचे हसले. मी उत्तर दिले नाही, कारण मसुदा चालू असताना मी अवांतर बोलत नाही. पण 'सविनय' हा शब्द लिहिता लिहिता माझे मन खडवलीच्या नदीकाठी जाऊन बसले होते, आणि संध्याकाळी टेबल उचलेपर्यंत ते तेथून उठले नाही.

मी कॉलेजात गेलेला माणूस आहे. ही गोष्ट आवारातल्या इतर अर्जनवीसांना मी अधूनमधून सांगत असतो, आणि ती त्यांनी विसरू नये अशी माझी अपेक्षा असते. स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. आमच्या बाजूला त्या वेळी कॉलेज नव्हते. ठाण्या-कल्याणची मुले मुंबईला जात. तेथे गेल्यावर प्रथम ध्यानात आले ते हे की कॉलेजात दोन प्रकारचे विद्यार्थी असतात. काहींची संध्याकाळ दिवेलागणीला सुरू होते; आमची दिवेलागणीला संपत असे. त्यांचे 'सोशल' असत. ग्रामोफोन असे, गुळगुळीत केस असत, आणि स्नेहसंमेलनाच्या दिवशी रंगमंचामागे औषधाच्या बाटलीतून चहाच्या कपात काहीतरी ओतले जाई, ते काय आहे हे प्राचार्य सोडून सर्वांना ठाऊक असे. दारूबंदीचा बोलबाला तेव्हा सुरू झालेला होता, त्यामुळे ज्यांनी कधी घेतली नसती तेही घाईने घेऊ लागले होते.

आम्ही घेत नव्हतो. यात शपथ-बिपथ काही नव्हती. खरे सांगायचे तर आम्हांला कोणी विचारलेही नाही. न पिणाऱ्या मुलाला त्या कॉलेजात कोणी सद्गुणी समजत नसे. नुसते डोंबिवलीकडचा समजत.

आम्ही चौघे होतो. वसंता कल्याणचा, त्याला भूक फार आणि हसू त्याहून अधिक. नारायण ठाण्याच्या कोळीवाड्यातला, त्यांच्या घराण्यातला पहिला मॅट्रिक. सुमती डोंबिवलीची, एका हेडक्लार्कची एकुलती एक मुलगी. आणि चौथा प्रस्तुत लेखक, दत्तू लेले. मागच्या जिन्याखाली एक दगडी पायरी होती, तेथे आमचे डबे उघडत. हेच आमचे सोशल. सुमती पोळीच्या तुकड्याबरोबर हिरवी मिरची कच्ची खात असे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि पाणी आले की आणखी एक चावा घेई. दुसऱ्याचा विनोद अर्ध्यावर असतानाच ती हसायला लागे, त्यामुळे बोलणाऱ्याला आपण फार विनोदी आहोत असे वाटे. मला तसे कित्येकदा वाटले आहे. त्यानंतरच्या आयुष्यात फारसे वाटलेले नाही.

नारायणाच्या डब्यात सुकट असे. पहिले काही दिवस तो जिन्याच्या पलीकडच्या टोकाला तोंड फिरवून जेवला. मग एके दिवशी वसंता त्याच्याजवळ सरकला आणि म्हणाला, "नाऱ्या, वास चांगलाय रे."

"तुमच्या घरी कळलं तर?"

"कळायला मी काय वास घेऊन घरी जाणार आहे?"

घेऊनच गेला तो. कल्याणला त्याच्या आईने त्याला पाठीमागच्या दाराने न्हाणीत घातला. ज्यांना बाटली हा अपराध वाटत होता त्यांना ती लखलाभ असो; आमच्या जिन्याखाली सुकट हा अपराध होता, आणि तो आम्ही, सुमतीचा अपवाद वगळता, यथाशक्ती केला. सुमती नाकाला पदर लावून पहारा देत असे.

न पिण्याची किंमत आमच्यांत फक्त नारायण मोजत होता, हे मला फार उशिरा समजले. एकदा वसंता सोशलवाल्यांची टवाळी करीत असताना तो म्हणाला, "तुमचं काय रे? तुम्हांला कोण देतंय? आमच्याकडं हळदीला मामा स्वतः पेला पुढं करतो. नको म्हटलं तर बोलत नाही माझ्याशी. म्हणतो, 'काय रं, बामन झालास काय?' होळीपासून बोललेला नाही." हे सांगताना तो डब्याचे झाकण उगाचच लावत आणि काढत होता. आम्ही आपापले डबे आवरू लागलो. आपण एक साधीशी गोष्ट करतो आहोत आणि शेजारचा माणूस तीच गोष्ट फार कठीण करून करतो आहे, याची जाणीव झाल्यावर माणसे जशी काहीतरी आवरू लागतात तसे.

आज माझ्याकडे दारूच्या परमिटचे अर्ज लिहून घ्यायला प्रतिष्ठित माणसे येतात. प्रकृतीच्या कारणास्तव, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार, अत्यल्प प्रमाणात. मी थेंबही न घेतलेला माणूस, पण दुसऱ्याच्या तहानेची निकड मी अतिशय परिणामकारकपणे मांडतो. माझा असा अर्ज सहसा फेटाळला जात नाही. स्वतःच्या तहानेचा अर्ज मात्र मी आयुष्यात एकदाच लिहिला, आणि तो मंजूर झाला. त्याचीच ही हकीकत आहे.

आश्विनात कॉलेजातल्या बड्या मुलांचे एक सोशल झाले आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचीच चर्चा होती. वसंता पायरीवर मांडी ठोकून म्हणाला, "आपणही सोशल करायचं."

"कुठे? जिन्याखाली?" सुमती म्हणाली.

"आवळीखाली! कार्तिकात आवळीभोजन असतं की नाही? झाडाखाली स्वयंपाक करायचा, झाडाची पूजा करायची, तिथंच जेवायचं. कुठल्या आईबापांची नाही म्हणायची हिंमत आहे? धर्म आहे तो!"

आजच्या वाचकांना यातली मेख कळणार नाही, म्हणून नमूद करतो. मुलामुलींनी मिळून सहलीला जाणे ही त्या वेळी डोंबिवलीत घर सोडून जाण्यासारखीच गोष्ट होती. पण आवळीभोजनाला कोणी हरकत घेऊ शकत नव्हते. खडवलीला नदीकाठी एक जुनी आवळी होती, ती वसंताने पाहून ठेवलेली होती. सुमतीच्या माई आत्या, वडिलांची विधवा बहीण, बरोबर येणार होत्या. सर्व काही शास्त्रोक्त होते. अशास्त्रोक्त अशी एकच गोष्ट होती व ती माझ्या मनात होती. त्या दिवशी, नदीवर, दोन मिनिटे एकटी सापडली तर सुमतीला मी विचारणार होतो, की माझे शिक्षण होईपर्यंत ती थांबेल का. हे वाक्य मी तयार ठेवले होते. ते चांगले वाक्य होते.

त्या दिवसांत डोंबिवलीला स्टेशनाबाहेर पडले की काही पावलांवर शेते लागत. भात पिवळे पडलेले, कापणीला आलेले. त्याचा एक गोडसर, उबदार वास रस्त्यावर साचून राहिलेला असे. त्या वासातून आम्ही तिघे सुमतीच्या घरी परवानगी मागायला गेलो. तिचे वडील, अण्णा, ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते.

"काय म्हणणं आहे?"

मी सुरुवात केली, "दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही खडवलीला—"

"तोंडी नको." अण्णांनी हात वर केला. "तोंडी बोललेलं हवेत जातं. लेखी द्या."

हा त्या घराचा रिवाजच होता. सुमतीला नवी छत्री हवी असली तरी अर्ज करावा लागे. अण्णा त्यावर लाल पेन्सिलीने 'मंजूर' किंवा 'सबब नामंजूर' असा शेरा मारीत. माई आत्यांनी सुद्धा औषधाच्या दुकानातून आणायच्या काढ्याबद्दल एकदा अर्ज दिला होता म्हणे. वसंताला हे ऐकून हसू आवरेना. मला मात्र अण्णांबद्दल आदर वाटला. आपल्या योग्यतेचा वाचक भेटल्याचा तो आदर होता.

अर्ज मी दोन संध्याकाळी बसून लिहिला. तो माझा पहिला अर्ज. आवळीचे माहात्म्य, आत्याबाईंची उपस्थिती, परतीची वेळ, सर्व मुद्दे क्रमाने मांडले. तरीही काहीतरी कमी वाटत होते. बापाच्या मनातली खरी भीती जोवर अर्जदार स्वतःहून काढून टाकीत नाही तोवर अर्ज अपुरा असतो, हे मला तेव्हाच, कोणी न शिकवता, कळले. म्हणून शेवटी लिहिले: 'अर्जदार हा कु. सुमती हिला आपल्या सख्ख्या भगिनीप्रमाणे मानीत आला आहे व यापुढेही मानीत राहील.'

कल्याणला वसंताच्या ओटीवर मी तो वाचून दाखवला. वसंता प्रथमच हसला नाही.

"दत्तू, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिच्याशी बोलायचंय काय आणि लिहितोस काय!"

"हे परवानगीपुरतं आहे."

"मग 'यापुढेही' कशाला घातलंस?"

"वाक्य लंगडं राहिलं असतं."

नारायण ओटीच्या खांबाला टेकून बसला होता. तो हळूच म्हणाला, "वाक्य राहू दे की रे लंगडं. तू तरी धड चालशील."

मी ते काढले नाही. आज इतक्या वर्षांनी, इतके अर्ज लिहून झाल्यावरही, ते वाक्य मला निर्दोष वाटते. त्यात एक शब्द कमी करता येत नाही.

अण्णांनी अर्ज मोठ्याने वाचला. माई आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी सुमतीची सावली दिसत होती. शेवटच्या वाक्यापाशी अण्णा थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचले. त्यांचा आवाज जरा घोगरा झाला होता. "सुमीला भाऊ नाही," ते म्हणाले. "या एका वाक्यावर मी परवानगी देतो." आणि लाल पेन्सिलीने शेरा मारून पुढे म्हणाले, "भाऊबीजेला जेवायला यायचं. पाट मांडून ठेवतो." माझ्या पाठीमागे वसंताला ठसका लागला, तो खरा होता की कसा हे मी वळून पाहिले नाही. उंबऱ्यापाशी आता सावली नव्हती.

भाऊबीजेला गेलो. आईने मोठ्या हौसेने ओवाळणीसाठी खण दिला होता, ती म्हणाली, "बरं झालं बाई, तुलाही बहीण नव्हती." पाटाभोवती रांगोळी होती. सुमतीने कुंकू लावले, अक्षता लावल्या, ताम्हन हातात घेतले. तिची नजर निरांजनाच्या ज्योतीवर होती आणि शेवटपर्यंत तेथेच राहिली. ज्योत माझ्या चेहऱ्यासमोरून गोल फिरली तेव्हा तिची ऊब मला गालांवर जाणवली. अण्णा शेजारी उभे राहून समाधानाने पाहत होते. मी खण ताम्हनात ठेवला. तिने वाकून नमस्कार केला, कारण मी तिच्याहून काही महिन्यांनी मोठा होतो.

आणि तरीही खडवलीचा तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता, हे मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगेन. उन्हात थंडी मिसळलेली होती. भातसा नदीचे पाणी पावसाळ्यानंतर निवळून तळचे गोटे दाखवीत होते. आवळी मोठी नव्हती, पण फळांनी इतकी लगडलेली की फांद्या हाताशी आल्या होत्या. माई आत्यांनी बुंध्याला हळदकुंकू लावून सूत गुंडाळले. वसंताने तीन दगडांची चूल मांडली आणि धुराने स्वतःच रडू लागला. नारायणाने त्या दिवशी पिठले असे केले की माई आत्या पुन्हा वाढून घेत म्हणाल्या, "मेल्या, तुझ्या बायकोचं बरंय हो!" आणि तो कानापर्यंत लाल झाला. कापलेल्या शेतांतून पोपटांचा थवा गेला. सुमतीने कच्चा आवळा चावून वर नदीचे पाणी प्यायले. "प्या, प्या, गोड लागतं!" असे ओरडत तिने सर्वांना ओंजळीने पाणी प्यायला लावले. आवळ्यानंतरचे पाणी गोड लागते हे सर्वांनाच माहीत असते. आम्ही सर्वांनी ते नव्याने कळल्यासारखे केले. जेवताना झाडावरून बारीक पाने पत्रावळींवर पडत होती. पान पडेल त्याचे वर्ष चांगले जाते, असे माई आत्या म्हणाल्या. माझ्या पत्रावळीवर बरीच पडली.

त्या दिवशी आम्ही गाणी म्हटली, भेंड्या लावल्या, वसंताने प्राध्यापकांच्या नकला केल्या. हसून हसून नारायण नदीच्या वाळूत आडवा झाला. औषधाच्या बाटलीतले काहीही आमच्यापाशी नव्हते, आणि आम्ही इतके धुंद होतो की माई आत्यांनी दोनदा विचारले, "अरे, तुम्हांला झालंय तरी काय?"

जेवणानंतर सुमती पातेले घासायला नदीवर गेली. मी पाण्याची कळशी घेऊन मागे गेलो. ती ओली वाळू घेऊन पातेल्याचा तळ खरवडत होती. तळ लख्ख निघाला. मग म्हणाली, "लेले, एक विचारू?"

"विचारा."

"ते 'यापुढेही'. ते तुम्हांला लिहायचंच होतं?"

"अण्णांनी परवानगी दिली नसती."

"अण्णांना मी ओळखते. आत्या बरोबर आहे एवढं वाचूनच त्यांनी पेन्सिल उचलली असती." तिने पातेले पाण्यात बुडवले, राख आणि वाळू प्रवाहातून पांढऱ्या रेघेसारखी निघून गेली. "तुम्हांला काही बोलायचं होतं का?"

मी तयार ठेवलेले वाक्य माझ्यापाशी होते. त्याचा एक शब्दही मी विसरलो नव्हतो. पण आदल्याच आठवड्यात तिने माझ्यासमोरून ज्योत फिरवली होती, तिने वाकून नमस्कार केला होता, आणि तिच्या वडिलांचा घोगरा झालेला आवाज माझ्या कानात होता. ज्या माणसाने आपले लेखन इतक्या विश्वासाने वाचले त्याला ते खोटे होते असे कसे सांगायचे, हे मला समजेना. ती वाट पाहत होती. पलीकडच्या काठावर कोणीतरी म्हशी पाण्यात घालत होते.

"काही नाही," मी म्हणालो. "पिठलं चांगलं झालं होतं."

वरून माई आत्यांची हाक आली, "सुमे, पातेलं घासतेस की नदी घासतेस?"

सुमतीने पदराने हात पुसले, पातेले उचलून कमरेवर घेतले. "चला, दादा," ती म्हणाली. हा शब्द तोवर तिने कधी उच्चारला नव्हता, भाऊबीजेलाही नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली होती. सर्वांना ती एकेक आवळा देत होती, मलाही दिला. तो मी खाल्ला. जपून वगैरे ठेवला नाही. आवळा ठेवला तर सुकतो, एवढेच.

त्या वर्षीच्या परीक्षेत गणिताच्या परीक्षकांशी माझे मतभेद झाले आणि मी कॉलेज सोडले. राहिलेले शिक्षण मी कचेरीच्या आवारात पूर्ण केले. नारायण शिक्षक झाला. त्याच्या मामाने बऱ्याच वर्षांनी, शेवटच्या आजारात, त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. वसंता कल्याणलाच आहे आणि अजून भुकेला आहे. आम्ही भेटतो तेव्हा त्या दिवसाबद्दल बोलतो, पण वसंता पिठल्याबद्दल बोलतो आणि नारायण नदीबद्दल. मी ऐकतो. टेबलाला रेललेल्या त्या मुलाला काय सांगणार होतो, हे मला अजून नीट मांडता आलेले नाही. मजा म्हणजे काय, याचा मसुदा माझ्याकडून होत नाही.

सुमतीचे लग्न पुढच्या वैशाखात झाले. मुलगा इंदूरचा, इंजिनिअर, सज्जन होता. तिला चुलत-मावस भाऊ पुष्कळ होते, पण अण्णांनी लेखी पुरावा असलेला भाऊ निवडला. कानपिळीला मी त्या सज्जनाचा कान धरला तेव्हा वसंता गर्दीतून ओरडला, "जोरात पीळ रे दत्तू, एवढीच संधी आहे!" मंडप हसला, नवरामुलगाही हसला. लोकांना आठवते ती ही कानपिळी.

मला त्याच्या आधीचे आठवते. होम पेटलेला होता. भटजी लाह्यांचे सूप पुढे सरकवून म्हणाले, "वधूचा भाऊ कोण? पुढे या." अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पुढे गेलो. सुमतीने ओंजळ धरली होती, हळदीने पिवळी. तिच्या ओंजळीखाली त्याचे हात होते. धुराने सर्वांच्याच डोळ्यांत पाणी येत होते, त्यामुळे कोणाला काही वेगळे दिसले नसेल. भटजींनी सांगितले तसे मी लाह्या घेतल्या आणि तिच्या ओंजळीत घातल्या, एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. काम नीट करण्याची मला सवय आहे. तिन्ही वेळा मी एकही लाही खाली सांडू दिली नाही.